पहिला ग्लास फर्मास, चौथा पाणचट: घरच्या कॉकटेलचं नेमकं बिघडतं कुठे?

घरच्या पार्टीत ही तक्रार ठरलेलीच. सुरुवातीचे दोन-तीन ग्लास झकास जमतात, पाहुणे कौतुक करतात, आणि तासाभरात त्याच बाटल्यांतून, त्याच कृतीने केलेलं कॉकटेल एकाला गोडमिट्ट लागतं, दुसऱ्याला जहाल. तिसरा काहीच बोलत नाही, निम्मा भरलेला ग्लास खिडकीत ठेवून हळूच बिअरकडे वळतो. यजमान दोष देतो दारूला. पुढच्या वेळी जास्त महाग बाटली येते आणि पुढच्या वेळीही तेच होतं.

दारूचा यात बहुतेक वेळा काही संबंध नसतो. माप सुटलेलं असतं आणि बर्फ संपत आलेला असतो, आणि या दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला गर्दीत कुणाला फुरसत नसते. तेव्हा नवी बाटली किंवा नवी कृती शोधण्याआधी खालची तपासणी करून पाहा.

सर्वांत आधी एक चाचणी. बिघडलेला ग्लास बाजूला ठेवा. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ घ्या, प्रत्येक घटक मिलीमध्ये मोजा आणि एकच नवा ग्लास बनवा. तो चांगला झाला, तर कृती ठीक आहे आणि गडबड घाईत होते आहे. तोही वाईट झाला, तर दोष कृतीत किंवा एखाद्या घटकात आहे. हे ठरवल्याशिवाय ग्लासात आणखी लिंबू पिळणं, आणखी साखर टाकणं म्हणजे अंधारात चाचपडणं. त्यात ग्लास भरत जातो आणि चव आणखी लांब जाते.

माप सुटलंय का?

पहिले ग्लास मोजून होतात, कारण तेव्हा कुणी बोलायला आलेलं नसतं. पुढचे बाटली तिरपी करून, अंदाजाने. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: ६० मिली दारूऐवजी ६५ मिली पडली तर चवीत फारसा फरक कळणार नाही. पण २० मिली लिंबाच्या रसाऐवजी २५ मिली पडला, तर आंबटपणा थेट चौथाईने वाढला. माणसं दारू मोजतात आणि लिंबू-सिरप अंदाजाने ओततात. खरं तर काटेकोरपणा लहान मापांनाच जास्त लागतो.

जिगर, म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येणारा मापाचा पेला, नसला तर मुलांच्या औषधाच्या बाटलीसोबत येणारा मिलीच्या खुणांचा प्लॅस्टिकचा पेला उत्तम काम करतो. बहुतेक जिगरांपेक्षा तो अचूक असतो, असं माझं मत आहे. मापाचा लहान चमचा ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा. जेवणाचे चमचे मात्र या मापाचे असतीलच असं नाही. वापरायचेच असतील तर आधी पाण्याने तपासून घ्या.

पाणचट होतंय, किंवा उलट उग्र लागतंय

या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींचं मूळ बर्फात आहे. म्हणून इथे जरा थांबू.

बर्फ थंड असतो म्हणून पेय थंड होतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. फ्रीजरमधला उणे १८ अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशापर्यंत येताना साधारण ९ कॅलरी उष्णता शोषतो. तोच एक ग्रॅम वितळताना मात्र सुमारे ८० कॅलरी शोषतो. म्हणजे गारवा येतो तो मुख्यतः वितळण्यातून. बर्फ वितळलाच नाही तर पेय गार होणार नाही, आणि तो वितळला की पाणी आलंच. कॉकटेलमधलं पाणी हा अपघात नव्हे, तो एक घटक आहे. शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, हलवल्यावर मूळ मिश्रणाच्या चौथाईपासून निम्म्यापर्यंत पाणी त्यात मिसळतं, आणि चांगल्या कृती हे पाणी गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात.

त्यामुळे उग्र लागणारं कॉकटेल अनेकदा फक्त कमी हलवलेलं असतं. दोन-चार हिसके देऊन ओतलं की दारू वेगळी टोचते, लिंबू वेगळं. लिंबू किंवा क्रीम असलेलं मिश्रण भरपूर बर्फासह १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. शेकर हाताला बोचण्याइतका गार लागला पाहिजे. त्याहून जास्त वेळ हलवून फारसा फायदा नाही, कारण तोवर पेय शून्याच्या खाली काही अंशांवर जाऊन तिथेच स्थिरावतं. निग्रोनीसारखं, ज्यात सगळं काही पारदर्शक आणि मद्याचंच आहे, ते शेकरमध्ये घालू नये. मोठ्या ग्लासात बर्फ भरून लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळावं आणि गाळून घ्यावं. हलवलं तर त्यात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात, रंग गढूळ होतो आणि तोंडात तो गुळगुळीतपणा राहत नाही.

आता पाणचटपणा. त्याचं सर्वांत मोठं कारण ओला बर्फ. तासभर भांड्यात पडलेल्या बर्फाच्या खड्यांभोवती आधीच वितळलेलं पाणी असतं. त्या पाण्याचा गारवा देण्याचा जोर संपलेला असतो, पण शेकरमध्ये ते पूर्ण मापाने उतरतं. म्हणून पहिला ग्लास फर्मास आणि चौथा पाणचट. उपाय सोपा आहे: बर्फाच्या भांड्यात तळाशी चाळणी ठेवा, म्हणजे पाणी खाली निथळत राहील. सगळा बर्फ एकदम बाहेर काढू नका, थोडा थोडा काढा.

दुसरं कारण लोकांना पटायला वेळ लागतो. ग्लासात बर्फ कमी असला की पेय जास्त पाणचट होतं. दोन खडे एकट्याने सगळा ग्लास गार करायला जातात आणि त्यातच वितळून संपतात. काठोकाठ भरलेला बर्फ एकमेकांना गार ठेवतो आणि सावकाश वितळतो. ‘बर्फ कमी घाला, फसवू नका’ म्हणणारा पाहुणा प्रत्येक पार्टीत असतो. त्याला वाद घालून पटणार नाही, त्याच्या हातात भरलेला ग्लास द्या. ग्लासही आधी पाव तास फ्रीजरमध्ये ठेवले तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. भट्टीसारखा तापलेला, नुकताच गरम पाण्याने विसळलेला ग्लास पहिले दोन खडे स्वतःच खाऊन टाकतो.

बर्फ किती लागतो? माणशी अर्धा ते पाऊण किलो धरा, बाटल्या गार करायचा बर्फ वेगळा. घरच्या एका ट्रेमधून जेमतेम पाव किलो निघतो, म्हणजे दहा पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी एकदा ट्रे भरून भागत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून खडे काढून बंद पिशवीत साठवत जा. पिशवी बंदच हवी, कारण उघड्या बर्फाला फ्रीजरमधल्या इतर पदार्थांचा वास लागतो. ‘काहीतरी विचित्र वास येतोय’ ही तक्रार आली तर आधी नुसता बर्फाचा खडा तोंडात टाकून पाहा.

आंबट-गोड जमत नाही

घरी होणारी बहुतांश कॉकटेल, मग ती रम, जिन, व्होडका, टकीला कशाचीही असोत, एकाच सांगाड्यावर उभी असतात: दारू, काहीतरी आंबट, काहीतरी गोड. सुरुवातीला ६० मिली दारू, २० मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचं सिरप हे प्रमाण घ्या. यापेक्षा वेगळी प्रमाणंही चांगली असतात, पण बिघाड शोधायला एक पक्की जागा लागते, ती ही.

ग्लासच्या सुरुवातीला आंबटढाण आणि शेवटचा घोट गोडमिट्ट लागतो आहे? मग तुम्ही दाणेदार साखर टाकलेली आहे. थंड आणि मद्ययुक्त द्रवात ती नीट विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते. सिरप बनवायला काहीच लागत नाही: साखर आणि पाणी समान वजनाने घ्या, गरम करून साखर विरघळवा, उकळत ठेवू नका, थंड करून फ्रीजमध्ये ठेवा. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेतलं तर ते घट्ट सिरप जास्त टिकतं, पण मग माप बदलतं. पातळ सिरपच्या २० मिलीचं काम घट्ट सिरप सुमारे १५ मिलीत करतं. कृतीत पातळ अपेक्षित असताना घट्ट ओतलं, की ‘सगळं मोजून घातलं तरी गोड झालं’.

साखरेचा दुसरा छुपा मार्ग म्हणजे डब्यातला फळांचा रस, कोला, टॉनिक वॉटर आणि लिकर, म्हणजे साखर आणि स्वाद घातलेली गोड दारू. यापैकी काहीही घालणार असाल तर सिरप आधी निम्मं करा, मग चव पाहा. संत्र्याचा रस आंबट घटक म्हणून धरू नका. त्यात गोडी भरपूर आणि आंबटपणा बेताचा असतो, म्हणून त्याच्या सोबतीला लिंबू लागतंच.

लिंबाचा रस ताजा हवा. बाटलीतला टिकाऊ रस आंबट असतो, पण त्यात तो टवटवीत वास नसतो. रस पार्टीच्या दिवशी दुपारी काढून फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, आदल्या दिवशी मात्र नको. पिळताना शेवटच्या थेंबासाठी साल मुरगळू नका. सालीचा आणि तिच्याखालच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा रसात उतरतो, आणि मग लोक तो झाकायला साखर वाढवतात. कडवटपणावर साखरेपेक्षा चिमूटभर मीठ बरं. खारट लागू नये इतकंच घाला, कडू चव दबते आणि फळाची चव पुढे येते.

चव केव्हा पाहायची, यातही एक मेख आहे. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. बर्फ घालण्यापूर्वी चाखून गोडी ‘बरोबर’ केलीत, तर हलवल्यावर पेय आंबट वाटेल. उलट तेच पेय ग्लासात बसून कोमट झालं की गोडी वर येते. म्हणून चव नेहमी हलवून झाल्यावर, गार असताना पाहा. दुरुस्ती एका वेळी ५ मिलीची: फार आंबट असेल तर सिरप, फार गोड असेल तर लिंबू. तीनदा दुरुस्त करूनही जमत नसेल तर ते मिश्रण सोडा, नवं मोजून करा.

सोडा घालताच बसतो

कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात जास्त विरघळून राहतो, गरम पाण्यातून पटकन निसटतो. टेबलावर तासभर राहिलेला कोमट सोडा बर्फावर ओतला की पांढरा फेस येतो, तो फेस म्हणजे निसटून जाणारा वायूच. सोडा आणि टॉनिक शेवटच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्ये ठेवा, मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटल्या किंवा कॅन घ्या, आणि इतर सगळं ग्लासात गेल्यावर शेवटी बाजूने सावकाश ओता. नंतर चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. गोल गोल ढवळत बसू नका.

आणि सोडा शेकरमध्ये कधीच घालू नका. झाकण उडेल, आणि भिंतीवरचे डाग पार्टीपेक्षा जास्त दिवस टिकतील.

पुदिन्याचा मोहितो गवतासारखा लागतो

पुदिना चेचून त्याचा लगदा करू नका. पानातला सुगंध पृष्ठभागावरच्या सूक्ष्म तेलग्रंथींत असतो, त्या फुटायला हलका दाब पुरतो. पानं फाटली की आतला हिरवा, कडवट रस बाहेर येतो आणि थोड्या वेळात काळा पडतो. सिरपमध्ये पानं घालून बत्त्याने चार-पाच वेळा नुसती दाबा. वर सजावटीला लावायची डहाळी एका तळहातावर ठेवून दुसऱ्याने टाळी द्या. ग्लास तोंडाशी नेताना पहिला वास तिचाच येतो, आणि खरं सांगायचं तर मोहितोची निम्मी चव त्या वासातच असते.

मोहितोची तक्रार बऱ्याचदा पुदिन्याची नसतेच, सोड्याची असते. ग्लास भरायचा म्हणून सोडा ओतत गेलं की ४५ मिली रम त्यात हरवून जाते. सोड्यालाही माप लावा. ग्लास रिकामा दिसतोय तर तो बर्फाने भरा.

दूध किंवा क्रीम फाटतं

दुधातलं केसीन हे प्रथिन आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की गोळा होतं. लिंबू आणि क्रीम लिकर एकाच ग्लासात आले तर हे होणारच. कितीही हलवून ते परत येत नाही. क्रीमच्या कॉकटेलला आंबट घटकच नको, तिथे कॉफी, चॉकलेट, जायफळ यांची सोबत घ्या. आधी लिंबाला वापरलेला शेकर न धुता पुन्हा घेतला तरी तळाशी कण दिसू शकतात.

काल चांगली असलेली व्हर्मूथ आज वाईट

व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे. उघडल्यावर हवेने बिघडते. दारूच्या कपाटात वर्षभर उघडी पडलेली बाटली निग्रोनी किंवा मार्टिनीला शिळकट, निर्जीव चव देते आणि यजमान जिन बदलत राहतो. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. कमी पिणाऱ्यांनी लहान बाटली घ्यावी.

दहा पाहुणे एकदम आले

हा खरा कसोटीचा प्रसंग. एकेक ग्लास बनवत बसलात तर यजमान संध्याकाळभर शेकरला बांधलेला राहतो, आणि माप सुटतं ते याच थकव्यात. मिश्रण आधी करून ठेवणं हाच उपाय, पण त्यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात: पाणी. एकेक ग्लास हलवताना बर्फातून येणारं पाणी इथे येणार नाही, ते तुम्हालाच घालावं लागेल.

दहा निग्रोनींसाठी जिन, गोड व्हर्मूथ आणि कम्पारी (कडवट लाल लिकर) प्रत्येकी ३०० मिली, म्हणजे ९०० मिली. त्यात साधारण २०० मिली पिण्याचं पाणी मिसळून बाटली सकाळपासून फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी बर्फावर ओता, संत्र्याची साल मुरडा, झालं. बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये मात्र टाकू नका. ४० टक्क्यांची नुसती दारू उणे १८ अंशांना गोठत नाही, पण पाणी मिसळलेल्या मिश्रणाचा गोळा होऊ शकतो.

लिंबाच्या कॉकटेलसाठी मी वेगळी पद्धत सुचवीन. दारू त्यात घालूच नका. १० ग्लासांसाठी २०० मिली लिंबाचा रस, २०० मिली सिरप आणि २५० मिली गार पाणी एकत्र करून जग भरा. ग्लासात बर्फ, मोजून ६० मिली दारू आणि जगातलं ६५ मिली मिश्रण. ज्याला हलकं हवं त्याला ३० मिली दारू. जो पीत नाही, औषधं घेतो आहे किंवा गाडी चालवून घरी जाणार आहे, त्याला तेच मिश्रण सोड्यासह, त्याच ग्लासात, त्याच पुदिन्यासह. त्याला कोपऱ्यातलं कोल्ड्रिंक घ्यावं लागत नाही आणि चवीत कुणाला काही कमी पडत नाही.

शिवाय दारू किती गेली, हे दिसत राहतं. गोड-आंबट कॉकटेलमध्ये मद्याची धार लपते, आणि ‘दोनच तर घेतले’ म्हणणारा पाहुणा सोफ्यावर आडवा होतो. ४० टक्के मद्यार्काच्या ६० मिली दारूत शुद्ध अल्कोहोल सुमारे १९ ग्रॅम असतं. शरीर ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम एवढ्याच वेगाने निकाली काढतं, म्हणजे एका ग्लासाला दोन तास किंवा जास्तच. कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तो वेग वाढत नाही. म्हणून टेबलावर पाण्याचा जग आणि खाणं पहिल्या ग्लासाच्या आधी यायला हवं.

किरकोळ, पण छळणाऱ्या गोष्टी

शेकर उघडत नाही: आतली हवा गार होऊन आकुंचन पावते, त्यामुळे झाकण आत ओढलं जातं. टेबलावर आपटू नका. दोन भांड्यांचा शेकर असेल तर जिथे दोन्हींच्या कडांमध्ये फट सुरू होते, तिथे तळहाताच्या टाचेने एक ठोका द्या. टोपीवाला असेल तर झाकणाभोवती काही सेकंद कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं धरा.

शेकरच नाही: घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी घ्या आणि ओतताना चहाची गाळणी धरा. पाहुण्यांना फरक कळत नाही.

अंड्याच्या पांढऱ्याचा फेस येत नाही: आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून पुन्हा. कच्च्या अंड्यातून संसर्गाचा धोका असतो, त्यामुळे पाश्चराइज्ड अंडं घ्या किंवा काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरा. त्याचाही फेस छान धरतो.

शेवटी उरतं त्याचं काय? निग्रोनीसारखं, लिंबू नसलेलं मिश्रण फ्रीजमध्ये काही आठवडे आरामात राहतं. लिंबाचं मिश्रण दुसऱ्या दिवशी मिळमिळीत होतं, म्हणून रात्रीच त्यात थोडं आणखी पाणी घालून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. साखरेमुळे खडे साध्या बर्फासारखे टणक होत नाहीत, पण पुढच्या वेळी जिन-सोड्यात टाकले तर वितळतील तसा ग्लास पाणचट होण्याऐवजी आंबटगोड होत जातो.